खतांच्या शेडमधली पद्मिनी आणि दीड लाखाचा हिशेब

तासगाव तालुक्यातील एका वाचकाचे पत्र असे आहे: “वडिलांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी त्यांच्या पश्चात आमच्या शेतावरच्या शेडमध्ये अकरा वर्षे उभी आहे. शेजारी द्राक्षबागेच्या फवारणीचे सामान आणि खतांची पोती असतात. इंजिन फिरत नाही, चारही टायर बसले आहेत आणि वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत. माझ्याजवळ दीड लाख रुपये आहेत, रविवार मोकळा असतो आणि हाताने काम करण्याची आवड आहे. एका गॅरेजवाल्याचे म्हणणे असे, की आधी रंग मारून घ्यावा, मग तो डिझेल इंजिन, मोठी अलॉय व्हील आणि काळ्या काचा बसवून देईल. थोरल्या बंधूंच्या मते गाडी भंगारात घालावी. मी सुरुवात कोठून करावी?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या बंधूंचे म्हणणे मी धुडकावून लावणार नाही. पत्रा आतून पूर्ण सडलेला निघाला किंवा कागदपत्रे मार्गी लागण्याजोगी नसली, तर त्यांचेच खरे ठरेल आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु पद्मिनी ही घरी, हातांनी, कमी खर्चात दुरुस्त करण्यासाठी आपल्याकडे मिळू शकणाऱ्या सर्वांत सोयीच्या जुन्या गाड्यांपैकी एक आहे. १०८९ सीसीचे साधे पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, मागच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट, मागे पाट्यांचे स्प्रिंग, असा तिचा सगळा कारभार आहे आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक नट साध्या पान्याने सुटतो. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी दशकानुदशके तयार झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून तिने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्ता सोडला नाही. त्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिचा स्वभाव ओळखणारे जुने मिस्त्री अजून सापडतात. प्रश्न फक्त पैसा कोणत्या क्रमाने खर्च करायचा एवढाच आहे आणि गॅरेजवाल्याने सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे.

माझ्याच १९७८ च्या पद्मिनीच्या बाबतीत मीही असाच उलटा क्रम धरला होता, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे. गाडी घेतली आणि उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात ती एका गॅरेजमध्ये रंगाला दिली. घरी आली तेव्हा शेजारीपाजारी पाहायला जमले होते. पुढच्या पावसाळ्यात डाव्या दाराखाली तांदळाएवढे फोड आले. एका फोडात नख घातले तर रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली बोटभर जाडीची पुट्टी निघाली, आणि पुट्टीच्या मागे, जिथे पत्रा असायला हवा होता तिथे, वर्तमानपत्राचे दाबून बसवलेले गोळे निघाले. रंगाचे सगळे पैसे मातीत गेले, आणि ज्या जोडावर गाडीचा भार असतो तो जोड मी वर्षभर कागदाच्या भरवशावर रस्त्यावर चालवत होतो, ही गोष्ट आजही मला अस्वस्थ करते.

सर्वांत आधी, एक रुपयाही गाडीवर खर्च करण्यापूर्वी, सांगलीच्या आरटीओ कार्यालयात जावे. खासगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आपली गाडी वडिलांच्या नावावर असल्यामुळे ३१ क्रमांकाच्या नमुन्यात वारसाच्या नावे हस्तांतरण आणि २५ क्रमांकाच्या नमुन्यात नूतनीकरण, असे दोन वेगळे अर्ज करावे लागतील. नोंद अद्याप संगणकावर चढलेली आहे का, हे पहिल्यांदा विचारावे, कारण जुन्या मालिकेतल्या क्रमांकांच्या बाबतीत ती बरेचदा चढलेली नसते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय नियमांनुसार वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये आहे. त्यावर थकलेला पर्यावरण कर आणि उशिराचे शुल्क मिळून नेमकी किती रक्कम होते, हे लेखी मागून घ्यावे, कारण अकरा वर्षांच्या खंडानंतर या एका आकड्याने सगळे अंदाजपत्रक कोलमडू शकते. नोंदणी रद्दच झालेली असेल, तर थांबून पुन्हा विचार करावा. उच्च सुरक्षा नंबर प्लेट, विमा आणि पीयूसी ही कामे शेवटी येतील, पण त्यांचे पैसे आजच बाजूला काढून ठेवावेत.

आता पत्र्याकडे येतो, कारण पद्मिनीच्या बाबतीत घोडे इथेच पेंड खाते. ट्रक किंवा जीपप्रमाणे या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ लांब पेट्या, ज्यांना गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, आणि दारांचे खांब यांनी मिळून झालेली कवटीच सगळा भार वाहते. त्यामुळे दाराखालची पेटी सडली तर तो दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीचा कणाच खिळखिळा होतो. त्यात आपली गाडी ज्या जागी उभी होती ती जागा पत्र्याच्या दृष्टीने फार वाईट होती. खते हवेतली ओल शोषून घेतात आणि त्यांचे क्षार उडून बसले की पत्रा कोरड्या हवेतही ओला राहतो. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी वापरला जाणारा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तर लोखंडाला प्रत्यक्ष खातो. मोरचुदाच्या पाण्यात खिळा ठेवला की त्यावर तांबे चढते आणि लोखंड विरघळत जाते, हे आपण शाळेत पाहिले असेल, आणि तेच काम आपल्या गाडीच्या तळाखाली सावकाश चालू राहिले असण्याची शक्यता आहे. म्हणून पहिले काम असे, की गाडी ढकलत शेडबाहेर काढावी आणि खालून, आतून, मडगार्डच्या पोटातून साध्या पाण्याने भरपूर धुवावी, मग दोन दिवस कडक उन्हात दारे उघडी टाकून वाळू द्यावी. बॉनेट आणि सीट उचलताना काठी वापरावी, कारण अशा आडोशाला सापही असू शकतो.

मग आतली चटई, लिनोलियम, सीट, जे काही निघते ते सगळे काढावे आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि लहान हातोडी घेऊन गाडीखाली नीट आडवे व्हावे. हातोडीने दर दोन बोटांवर हलके ठोकत जावे. चांगला पत्रा टणकन वाजतो, आणि सडलेल्या किंवा पुट्टी भरलेल्या जागी आवाज एकदम बसतो, ओल्या फळीवर ठोकल्यासारखा. आवाज बसला तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक रोवून पाहावे. टोक आत गेले तर त्या जागी खडूने गोल करावा. ड्रायव्हरच्या पायाखाली, मागच्या सीटच्या पुढच्या खोबणीत, डिकीत स्टेपनीच्या जागी, दारांच्या तळाशी, पुढच्या काचेच्या बिडिंगच्या खालच्या कोपऱ्यांत आणि मागच्या पाट्यांचे स्प्रिंग जिथे अडकवलेले असतात तिथे विशेष पाहावे. हे काम घाईने करू नये, त्याला एक पूर्ण रविवार द्यावा. संध्याकाळी खडूचे गोल मोजले की गाडी ठेवायची की बंधूंचे ऐकायचे, याचे बरेचसे उत्तर आपोआप मिळेल. तळात सात-आठ ठिकाणी हातभर ठिगळे लागत असतील तर ते काम जमण्यासारखे आहे. दोन्ही रनिंग बोर्ड आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या बैठका गेल्या असतील, तर दीड लाखात ती गाडी सुरक्षित होणार नाही.

सडलेला भाग कापून काढायचा असतो, त्यावर पत्रा चिकटवायचा नसतो. वरवरचा गंज वायर ब्रशने घासून, फॉस्फोरिक ॲसिड असलेले गंजनाशक लावून आणि मग प्रायमर मारून आपण स्वतः थांबवू शकाल. कापणे आणि डाग देणे मात्र कसलेल्या माणसाकडून करून घ्यावे आणि सीओटू वेल्डिंगचाच आग्रह धरावा, कारण साध्या आर्क वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोके पडतात. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून गाडीपासून लांब ठेवावी आणि बॅटरी काढावी. रनिंग बोर्ड कापायचा असेल तर गाडी सपाट जागेवर, चारही बाजूंनी सारखा आधार देऊन उभी असावी आणि एका वेळी एकच बाजू कापावी, अन्यथा कवटी मधोमध वाकते आणि मग दारे कधीच नीट बसत नाहीत. काम झाले की पेट्यांच्या तळाची आणि दारांच्या खालची पाणी जाण्याची छोटी छिद्रे तारेने मोकळी करावीत. जुन्या गाड्यांमध्ये ती चिखलाने किंवा रंगाने बुजलेली असतात आणि निम्मा गंज तेवढ्याच कारणाने लागतो. पोकळ भागांत आतून गंजरोधक मेण फवारून घेतले तर फार उत्तम.

पत्र्यानंतर ब्रेक, आणि इंजिन त्यानंतर. गाडी सुरू झालेली पाहण्याची उत्सुकता मी समजू शकतो, पण सुरू झालेली आणि थांबू न शकणारी गाडी शेतातसुद्धा धोक्याचीच. जॅक लावून लगेच खाली शिरू नये. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी पक्क्या स्टँडवर टेकवावी, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, आणि मगच हात घालावा. ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकामागचे गोल लोखंडी भांडे, बहुधा गंजून बसलेला असेल. जोर लावून ओढण्याऐवजी ब्रेकचे ॲडजस्टर सैल करावे, कडेने गंज सोडवणारे तेल सोडावे, रात्रभर थांबावे आणि मग लाकडी हातोडीने सगळीकडून सारखे ठोकावे. ड्रम निघाला की आतली काळी भुकटी फुंकू नये किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. त्या काळच्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये, ॲस्बेस्टॉस असे, म्हणून नाकातोंडाला चांगला मास्क बांधून ती ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बंद करून टाकावे. व्हील सिलिंडरचे, म्हणजे प्रत्येक चाकातल्या ब्रेक ऑइलच्या छोट्या पंपाचे, रबर दाबून पाहिले की त्यातून तपकिरी पाणी येईल, कारण ब्रेक ऑइल ओल शोषते आणि अकरा वर्षांत सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पडतात. असे खड्डे असलेल्या सिलिंडरला नुसते नवे रबर घालून भागत नाही. ते सिलिंडर नवे घ्यावेत, आणि त्याच वेळी सगळे ब्रेक होज (रबरी नळ्या) आणि पेडलला जोडलेला मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडरही. काटकसर करण्याच्या जागा या गाडीत पुष्कळ आहेत, परंतु ही त्यांतली नाही. ड्रमला चर पडले असतील तर लेथवर साफ करून घ्यावेत. शेवटी ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी आणि पेडल दाबायला घरातले कोणीतरी सोबत घ्यावे. बंधूच आले तर अधिक बरे.

टायर कितीही चांगले दिसत असले तरी सगळे बदलावेत. टायरच्या बाजूवर कोरलेल्या लांब क्रमांकातील शेवटच्या चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. तो आकडा नवे टायर घेतानाही पाहून घ्यावा, कारण कमी खपाच्या मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून असतात.

इंजिन फिरत नाही याचा अर्थ ते गेले असा नाही. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरून बसलेल्या असतात. चारही प्लग काढावेत, प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण सोडावे आणि चार-पाच दिवस काहीही करू नये. त्यानंतर पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने हलकेच मागेपुढे करावे. नखभर हलले तरी पुरे, पुन्हा तेल सोडावे, पुन्हा दोन दिवस थांबावे. बॅटरी लावून सेल्फ मारण्याचा किंवा गाडी ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, त्याने रिंगा तुटतात. इंजिन मोकळे फिरू लागले की जुने ऑइल आणि फिल्टर बदलावा, प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट आणि कंडेन्सर नवे घालावेत, रेडिएटर उतरवून साफ करून घ्यावा आणि पाण्याचे सगळे होज बदलावेत.

पेट्रोलच्या बाबतीत एक गोष्ट वडिलांच्या काळापेक्षा वेगळी झाली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते, ओल शोषते आणि टाकीच्या आतला गंज सोडवून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये आणून बसवते. म्हणून टाकी आतून धुऊन घ्यावी, सगळ्या पेट्रोल नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्याव्यात, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरचा किट बदलावा, आणि वाटेत एक पारदर्शक फिल्टर लावावा, म्हणजे घाण डोळ्यांना दिसते. गाडी पहिल्यांदा सुरू करताना आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी असू द्यावे. पुढे कधी हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्याची वेळ आली तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात, कारण हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे आणि ते पेट्रोल आपल्याकडे २००० सालापासून बंद आहे. त्यासाठी आत्ताच इंजिन खोलण्याची मात्र गरज नाही. एरवी हलक्या वापराच्या गाडीला पुष्कळ वर्षे त्रास होत नाही.

कुरतडलेल्या वायरिंगला जागोजाग टेप गुंडाळत बसू नये. पद्मिनीचे वायरिंग इतके थोडे आहे की नवा संच घालणे स्वस्त पडते, आणि जुन्या गाड्यांना लागणाऱ्या आगींमागे असे जोडच बरेचदा असतात.

आता हौसेचा भाग. डिझेल इंजिनाचा विचार कृपया सोडून द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे फेरफार करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. अशा गाडीचे नूतनीकरण अडेल, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हात वर करायला ते कारण पुरेसे होईल. शिवाय पद्मिनीचे स्टिअरिंग, पुढचे सस्पेन्शन आणि चारही चाकांचे ड्रम ब्रेक हे तिच्या मूळ हलक्या इंजिनाच्या हिशेबाने केलेले आहेत. मोठी अलॉय व्हील मडगार्डला घासतात, बेअरिंगवर ताण आणतात आणि स्टिअरिंग जड करतात. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंदी घातली आहे. ज्या गॅरेजवाल्याने ही सगळी यादी एका दमात सांगितली, त्याच्याकडे वेल्डिंगसाठीसुद्धा गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ गाडी आपली वाटावी म्हणून काहीच करू नये असा नाही. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो असेल तर त्या जागी अल्टरनेटर बसवावा, हेडलाइटला रिले (बॅटरीची वीज थेट दिव्याला देणारे स्विच) लावावेत, म्हणजे त्याच बल्बचा उजेड लक्षणीय वाढतो, आणि रेडिएटरला विजेचा पंखा जोडावा. पुढच्या सीटला कमरेचे पट्टे जरूर बसवावेत, मात्र ते अडकवण्याच्या जागी तळाला जाड पट्टी वेल्ड करून घ्यावी, नुसत्या पत्र्यात बोल्ट मारू नये. सलग लांब सीट आणि स्टिअरिंगखालचा गिअर मुळीच काढू नये, या गाडीचा सगळा जिव्हाळा त्या दोन गोष्टींत आहे. सीटला चांगले रेक्झिन गावातला कुशनवाला माफक पैशांत लावून देईल, आणि वडिलांनी लावलेल्या मूळ कापडाचा एखादा तुकडा सीटखाली सापडला तर त्याच रंगाचे रेक्झिन शोधावे. रंग बदलायचा असल्यास आधी आरटीओची नोंद करून घ्यावी, पण मी असतो तर मूळ रंगच ठेवला असता. तो डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला अजून जसाच्या तसा सापडेल. आणखी एक कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. आपली गाडी २०३४ साली त्या वयाची होईल. आज इंजिन किंवा कवटी बदलली तर ते दार कायमचे बंद होईल.

पैशांची वाटणी मी अशी करेन: पत्र्यासाठी पस्तीस हजार, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या सांध्यांसाठी पंचवीस, इंजिन, रेडिएटर आणि पेट्रोलच्या मार्गासाठी पंचवीस, टायरसाठी अठरा, वायरिंग आणि बॅटरीसाठी पंधरा. उरलेल्या बत्तीस हजारांतून कागदपत्रे आणि विमा, आणि त्यातूनही जे वाचेल ते हात न लावता ठेवावे, कारण जुन्या गाडीत एक तरी खर्च असा निघतो की ज्याची कल्पना कोणालाच नसते. या हिशेबात रंग नाही आणि तो मुद्दामच नाही. या वर्षी गाडी पाणी न शोषणाऱ्या इपॉक्सी प्रायमरवर फिरवावी. एक पावसाळा जाऊ द्यावा. वेल्डिंगचा एखादा जोड पाणी धरत असेल तर तो प्रायमरवर लगेच दिसतो, आणि रंग पुढच्या दिवाळीला नव्या पैशांतून करता येतो. घासण्याचे आणि प्रायमरचे काम घरी करावे, पण शेवटचा हात पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा देणार असाल तर तो घरी फवारू नये. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकते आणि साधा मास्क त्याला थोपवत नाही.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड या दोन ठिकाणी स्वतः जावे, आणि जुना भाग धुऊन पिशवीत सोबत न्यावा. नाव सांगून मागितलेला भाग आणि नमुना दाखवून मागितलेला भाग यांत पुष्कळ फरक पडतो. काढलेला प्रत्येक भाग, कितीही खराब असला तरी, गाडी रस्त्यावर येईपर्यंत फेकू नये, आणि काहीही सोडवण्यापूर्वी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

येत्या रविवारी गाडी धुऊन होईल, त्यापुढच्या रविवारी खडू आणि हातोडी. दाराखालच्या दोन्ही पेट्यांवर आणि स्प्रिंगच्या चारही बैठकांवर किती गोल झाले ते मला कळवावे, शक्य झाल्यास फोटोंसह. गाडी ठेवावी की नाही याबद्दल मग मी नेमके लिहीन.